पित्तनलिकेच्या पेशी पित्त वाहून नेतात, मग आईच्या पीबीसीला (प्रायमरी बिलियरी कोलांजायटिस, यकृतातल्या बारीक पित्तनलिकांचा आजार) ‘इम्युनिटीचा आजार’ का म्हणतात?

कारण या पेशी यकृतात पहाराही देतात आणि पीबीसीमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती नेमकी त्यांच्यावरच उलटते. यकृतात त्या जेमतेम 3 ते 5 टक्के. पण पित्तात जंतूंचा अंश दिसला की त्या रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावतात, शिवाय आयजीए अँटिबॉडी पित्तात पोचवतात. हे बोलावणं थांबलंच नाही तर आधी सूज, मग घट्ट तंतू, वर्षानुवर्षांनी सिरॉसिस. मी परभणीत लॅबमध्ये काम करतो. असे रिपोर्ट ओळखू येतात: बिलिरुबिन नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडांतलं एन्झाइम) चढलेलं, एएमए म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी पॉझिटिव्ह (90 टक्क्यांहून जास्त रुग्णांत असतं). डोळे पिवळे नाहीत, नुसती खाज, म्हणून बायका आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जातात. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की लगेच काविळीची माळ येते. ती गळ्यात असू द्या, झाडपाला मात्र पोटात नको. एक लक्षात ठेवा, फॉस्फटेज हाडांच्या दुखण्यानं किंवा पित्ताच्या खड्यानंही वाढतं. एएमए, जीजीटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) आणि सोनोग्राफी झाली नसेल तर निदान पक्कं धरू नका.