सहल, मुलं आणि वाटेत भेटणारे प्राणी

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच काळजी निरनिराळ्या तऱ्हेनं मांडलेली आहे. मुलांच्या मनात प्राण्यांची भीती बसू नये आणि त्यांना इजाही होऊ नये. दोन्ही साधतं, पण ‘जवळ जाऊ नकोस’ एवढ्यावर भागत नाही. किती अंतरावर थांबायचं, हात कुठे ठेवायचे आणि काही झालंच तर मोठ्यांनी पहिल्यांदा काय करायचं, हे घरून निघण्याआधीच ठरलेलं हवं. कुत्र्यांविषयीच्या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण तिथली एक चूक नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्न: माझा सहा वर्षांचा मुलगा कुठलाही कुत्रा दिसला की धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. रागावलं तर तो घाबरट होईल असं वाटतं. काय करावं?

माया दाखवायला माणूस मिठी मारतो, कुत्रा मारत नाही. गळ्याभोवती हात पडले की त्याला आपण अडकलो असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच मुलाचा चेहरा त्याच्या दातांपासून चार बोटांवर असतो. लहान मुलांना चेहरा, डोकं आणि मानेवर जास्त चावे बसतात, ते यामुळेच. चावणारा कुत्रा बरेचदा ओळखीचाच निघतो, तेव्हा ‘हा काही करत नाही’ या शब्दावर विसंबू नका.

रागावण्यापेक्षा त्याला क्रम शिकवा. आधी मालकाला विचारायचं. हो म्हणाले तर दोन पावलं अलीकडे थांबायचं, अंगाची बाजू कुत्र्याकडे ठेवायची, हात मांडीलगत सैल सोडायचा आणि कुत्र्याला आपणहून येऊ द्यायचं. तो आला तर छातीवर किंवा खांद्यावर तीनदा हात फिरवायचा आणि थांबायचं. डोक्यावरून हात न्यायचा नाही. कुत्रा पुन्हा अंग घासायला आला तर त्याला आणखी हवंय, तोंड फिरवून निघाला तर झालं. ‘तीन आणि थांब’ हा नियम मुलं मनापासून पाळतात, कारण पुढचं उत्तर कुत्रा देतो आणि ते त्यांना स्वतःला वाचता येतं.

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हे खरं नाही. कंबरेपासून सगळं अंग सैल डोलत असेल तर ठीक आहे, पण शेपूट ताठ, उंच आणि नुसती थरथरत असेल तर मुलाला मागे घ्या. खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, मान वळवून डोळ्यांतलं पांढरं दिसेल इतकं तिरकं बघणं, ही सगळी ‘पुरे’ची चिन्हं. कुत्रा एकाएकी थिजला तर मात्र एक सेकंदही थांबू नका. आणि गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. ज्या कुत्र्याला गुरगुरण्याबद्दल मार बसतो, तो पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. खात असलेला, झोपलेला, बांधलेला, गाडीत बसलेला कुत्रा आणि पिल्लांजवळची कुत्री यांच्या बाबतीत तर मालकाला विचारायलाही जाऊ नये.

अनोळखी कुत्रा अंगावर धावून आला तर ‘झाड’ व्हायचं: पाय रोवलेले, हात छातीशी घडी घातलेले, नजर स्वतःच्या पायांवर, तोंड बंद. पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतो, उभ्या झाडाला हुंगून तो बहुधा निघून जातो. पाडलंच तर ‘कासव’: गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, बोटं गुंफून मानेवर, कोपरांनी कान झाकलेले. दोन्ही गोष्टी घरी जमिनीवर खेळ म्हणून दहा-दहा वेळा करून घ्या, ऐनवेळी ओरडून सांगितलेलं मुलाच्या डोक्यात शिरत नाही.

प्रश्न: सहलीत कुत्र्याच्या पिल्लाचे दात मुलीच्या पोटरीला लागले. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा आहे. इतक्या लहान पिल्लासाठी लस घ्यावी का, की आधी दहा दिवस पिल्लावर लक्ष ठेवावं?

लस घ्या, आणि आजच घ्या. पिल्लालाही रेबीज होतो.

उघड्या त्वचेला दात लागणं किंवा रक्त न येता ओरखडा पडणं, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतला दुसरा प्रकार आहे. त्यात जखम धुणं आणि लस या दोन्ही गोष्टी ताबडतोब करायच्या असतात. कातडी फाटून रक्त आलं, किंवा जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आत लाळ लागली, तर तो तिसरा प्रकार. मग लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. लस टोचल्यावर अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर किंवा अधिक जातो आणि तोवर तयार प्रतिपिंडांनी विषाणूला जखमेतच अडवायचं असतं. म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. वटवाघळाशी थेट संपर्क आला तर तोही तिसऱ्या प्रकारातच धरतात. फक्त धडधाकट त्वचा चाटली असेल तर धुणं पुरे.

धुणं म्हणजे नळाखाली पाय धरून काढून घेणं नव्हे. वाहतं पाणी, साबण आणि घड्याळ लावून 15 मिनिटं. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. साबणानं ते मोडतं आणि विषाणू निकामी होतो. रडणाऱ्या मुलासाठी 15 मिनिटं फार असतात, त्यामुळे एकानं मांडीवर घेऊन बोलत राहावं आणि दुसऱ्यानं पाणी ओतावं. नळ नसेल तर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या रित्या करा. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. कसलाही घरगुती लेप लावू नका, जखम घट्ट बांधू नका आणि टाके घालण्याची घाई करू नका. टाके घालावेच लागले तर इम्युनोग्लोब्युलिन जखमेत टोचून झाल्यावर घालतात.

आता दहा दिवसांविषयी, कारण घोटाळा इथेच होतो. लक्ष ठेवायचं ते सुरू केलेली लस पुढे थांबवता येते का हे पाहण्यासाठी. लस सुरू करायचीच नाही, असा त्याचा अर्थ नाही. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांना लागू आहे. लाळेत विषाणू उतरलेला कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो, हा त्यामागचा आधार. सहलीच्या गावातलं पिल्लू तुम्ही परत आल्यावर कोण पाहणार, हेही ध्यानात घ्या.

नेहमीच्या वेळापत्रकात पहिली मात्रा ज्या दिवशी घेतली तो शून्य दिवस, पुढे तिसरा आणि सातवा दिवस, आणि चौथी मात्रा 14 ते 28 दिवसांच्या दरम्यान. काही ठिकाणी वेगळं वेळापत्रक वापरतात. डॉक्टर जे लिहून देतील ते कार्ड जपून ठेवा आणि प्रवासात तारीख आली तर तिथल्या रुग्णालयात दाखवून मात्रा घ्या. इंजेक्शन दंडात देतात, दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. मुलाचं वजन कमी म्हणून मात्रा कमी होत नाही. पोटात देण्याची इंजेक्शनं कधीच मागे पडली, त्या धास्तीनं कुणी थांबू नये. चाव्याला आठवडे उलटून गेले असले तरी जा: लक्षणं साधारण दोन-तीन महिन्यांनी आणि कधी त्याहून उशिरा दिसतात, आणि ती दिसल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. लुई पाश्चर यांची लस नावारूपाला आली ती 6 जुलै 1885 रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला दिलेल्या पहिल्या मात्रेपासून, आणि तेव्हाही कुत्रा चावून दोन दिवस उलटले होते.

प्रश्न: झाडाखाली डबे उघडले की माश्या घोंगावतात. एक-दोन असतील तर काय करावं आणि मोहोळच उठलं तर?

दोन्हींची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. एक-दोन माश्या असतील तर स्थिर राहा, हात झाडू नका, गोड पेयाची भांडी झाका. मुलांना उघड्या डब्यातून पेय पिऊ देऊ नका. आत शिरलेली गांधीलमाशी दिसत नाही आणि घशात दंश झाला तर सूज श्वासाच्या वाटेवर येते.

मोहोळ उठलं तर सामान टाका आणि पळा. मूल लहान असेल तर उचला, त्याचं तोंड तुमच्या खांद्यात दाबा आणि बंद खोली किंवा काचा लावलेली गाडी गाठा. चार माश्या तुमच्याबरोबर आत आल्या तरी चालेल. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर थांबून राहतात. मधमाशीच्या नांगीतून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या माश्या त्याच जागी येतात, म्हणून वाटेत थांबून काटे काढत बसू नका.

आत पोचल्यावर मात्र काटे लगेच काढा. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात. तो कातडीत राहतो आणि त्याला लागलेली विषाची पिशवी पिळली जात राहते. नखानं, चिमट्यानं, कार्डाच्या कडेनं, कसाही काढा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. मग थंड पाण्याची पट्टी ठेवा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

सगळ्या अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, वारंवार उलटी, भोवळ यांतलं काहीही दिसलं तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. उपाय अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. अ‍ॅलर्जीचं साधं सिरप तिथे पुरत नाही. मुलाला आडवं झोपवा आणि पाय उंच करा, धाप असेल तर बसवा, पण चालवत नेऊ नका. पुष्कळ डंख बसले असतील तर लक्षणं नसली तरी रुग्णालयात न्या, कारण तेवढंच विष लहान अंगाला भारी पडतं.

प्रश्न: प्रथमोपचाराच्या पेटीत सर्पदंशासाठी दोरी आणि ब्लेड ठेवावं का?

दोन्ही काढून टाका. आवळून बांधल्यानं पायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो पाय गमावण्याची वेळ येते. कापून किंवा चोखून विष बाहेर येत नाही, उलट जखम वाढते. त्याऐवजी रुंद कापडी पट्ट्या आणि पायाला आधार देता येईल अशी एक सरळ फळी ठेवा.

दंश झाला तर मुलाला तिथेच आडवं करा. अंगठी, कडं, बूट, मोजे लगेच काढा, सूज चढल्यावर ते निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतात तसा हात किंवा पाय फळीला सैलसर बांधा, दंशाची वेळ लिहा आणि मुलाला उचलून न्या. सापाचा पाठलाग करू नका, मारायला किंवा धरायला जाणाऱ्यालाच दुसरा दंश होतो. सूज नाही, दुखत नाही म्हणून घरी परतू नका. काही सापांचं विष मज्जातंतूंवर काम करतं आणि पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं काही तासांनीही सुरू होतात.

पालकांना धक्का बसतो ती एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: मुलालाही अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, मोठ्यांइतकंच देतात. सापानं माणूस लहान पाहून विष कमी सोडलेलं नसतं आणि औषधाची गाठ त्या विषाशी असते. तेव्हा डॉक्टरांशी वाद घालू नका.

प्रश्न: माकडं असलेल्या ठिकाणी मुलीनं हसून पाहिलं तरी माकड अंगावर आलं. का?

दात दाखवून रोखून पाहणं हे माकडाला आव्हान वाटतं. ओठ मिटलेले, नजर खाली, हातात खाऊ किंवा खाऊसारखी दिसणारी पिशवी नाही, एवढं सांभाळा. हिसकावलं तर सोडून द्या, ओढाताणीतच चावे बसतात. चावलं किंवा ओरबाडलं तर वर सांगितलेली 15 मिनिटं इथेही लागू आहेत, आणि लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न: शेळ्या-वासरांना चारा भरवायला मुलांना नेतो. हाताला सॅनिटायझर लावलं तर पुरे ना?

नाही. मळ लागलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही आणि जनावरांकडून येणाऱ्या काही परजीवींवर त्याचा उपयोगच होत नाही. साबण आणि पाणी, 20 सेकंद, नखांखालीसुद्धा. तंदुरुस्त दिसणाऱ्या वासराच्या शेणातही ई-कोलाय या जीवाणूचे घातक प्रकार असू शकतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांत त्यातून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून गोठ्यात खाणं, अंगठा चोखणं, चोखणी आणि दुधाची बाटली नको. चारा तळहात सपाट धरून भरवायचा, बोटं मिटली की ती चाऱ्याबरोबर तोंडात जातात. पुढच्या दिवसांत रक्ताचे जुलाब झाले तर डॉक्टरांना गोठ्यातल्या भेटीविषयी आवर्जून सांगा.

प्रश्न: मुलांना झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू सापडलं आणि ती ते घरी आणायचा हट्ट धरून बसली. माणसाचा हात लागला तर आई पिल्लाला टाकते म्हणतात, मग परत कसं ठेवायचं?

पक्षी माणसाच्या वासानं पिल्लाला टाकत नाहीत. मुलांना एवढंच पाहायला सांगा: पिसं आली आहेत का? अंग उघडं आणि डोळे मिटलेले असतील तर ते घरट्यातून पडलं आहे. घरटं सापडलं तर अलगद परत ठेवा. पोचता येत नसेल तर तळाला भोकं पाडलेला छोटा डबा घ्या, त्यात सुकं गवत घाला आणि घरट्याच्या शक्य तितक्या जवळ फांदीला बांधा. पिसं आलेली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतं आहे आणि आई-बाप जवळपासच असतात. वाटेत असेल तर जवळच्या झुडपात ठेवा, मांजर-कुत्रं दूर ठेवा आणि सगळ्यांनी लांब जाऊन तासभर पाहा. मुलं तिथेच घुटमळत राहिली तर चोचीत किडा घेतलेली आई खाली उतरत नाही.

चोचीत पाणी ओतू नका. पिल्लाची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी उघडते आणि पाणी थेट फुप्फुसात जातं. दूध आणि पावही नको. रक्त येत असेल, पंख लोंबत असेल किंवा मांजरानं धरलं असेल, तर झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, अंधार आणि शांतता राखा, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे किंवा वन्यप्राणी वाचवणाऱ्यांकडे द्या. मांजराच्या दातांची जखम दिसत नसली तरी द्याच, त्या लाळेतले जीवाणू एक-दोन दिवसांत पिल्लाचा जीव घेतात.