धूर मारूनही सोसायटीत डेंग्यू निघतो, आता कोणतं औषध मारावं?

आवारात दर आठवड्याला धूरफवारणी करून घेता, तरी पेशंट निघालेच, म्हणून जास्त जालीम औषध विचारताय. औषध बदलून काही होणार नाही. धुराने उडते डास मरतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी घरात पलंगाखाली, पडद्यामागे बसलेली असते. तिची अंडी पिंपाच्या आत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात. ती सुकली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात आणि आपल्या हवेत ८-१० दिवसांत डास तयार.

माझे बाबा महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात कामगार होते. परळच्या चाळींत बायका हाका मारून त्यांना पिंपं दाखवायच्या. शेजारच्या टॉवरमध्ये मात्र वॉचमन गेटवरच अडवायचा. एकदा वर सोडलं, तर एका बाईंनी सेफ्टी डोअरच्या आतूनच सुनावलं, ‘आमच्याकडे डास नसतात, तुम्ही ती गटारं बघा.’ गटारात क्युलेक्स वाढतो, डेंग्यूवाला नाही! पुढे त्याच मजल्यावरची मुलं तापाने आडवी झाली आणि सेक्रेटरींनी हलगर्जीची तक्रार केली ती बाबांचीच. मग कुठे दारं उघडली. हॉलमधल्या शोभेच्या बांबूच्या बरणीत बाबांनी टॉर्च मारून वळवळणाऱ्या आळ्या दाखवल्या. तक्रार कोणी मागे घेतली नाही.

‘चाळवाल्यांमुळे होतं’ हे मी अजून ऐकते आणि मला संताप येतो. ही मादी बहुधा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. तुमच्या घरात चावणारी तुमच्याच बिल्डिंगमध्ये जन्मलेली असण्याची शक्यता जास्त.

तेव्हा मीटिंगमध्ये फवारणीची कोटेशनं नकोत. तपासनीस आला की प्रत्येकाने त्याला घरात घ्यायचं, चेअरमननेसुद्धा, असा ठराव करा. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरची ताडपत्री आठवड्यातून एकदा कोरडी झालीच पाहिजे. पिंप नुसतं ओतून भागत नाही, आतून घासा.

पाणी ठरावीक वेळ येतं म्हणून चाळीतही पिंपं भरलेली असतात, तिथेही धोका आहेच. आणि धूर अगदीच फुकट नाही. पेशंटच्या घरात आणि आजूबाजूला लगेच मारला तर विषाणू घेतलेल्या माद्या मरतात. तापाच्या दिवसांत पेशंटला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेली मादी साधारण ८-१२ दिवसांनी विषाणू पसरवू लागते, ती मरेपर्यंत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.