फिशटँकच्या पट्टीत ५४ वॅटची टी-५ (बारीक) ट्यूब बसवली, तरी उजेड वाढला नाही. ट्यूब खराब आहे का?

बहुधा ट्यूब चांगली आहे, चोक २८ वॅटचा आहे. ट्यूबवर काहीही छापलेलं असो, तिच्यातून करंट किती जाणार हे चोक ठरवतो. चार फुटी टी-५ दोन्ही वॅटमध्ये येते. लांबी तीच, पिना त्याच, म्हणून ५४ची ट्यूब २८च्या पट्टीत बसते आणि पेटतेही. पण तिला हवा ४६० मिलीअँपिअर, मिळतो १७०च्या आसपास. उलटं तर करूच नका: ५४च्या चोकवर २८ची ट्यूब टोकांशी काळी पडून लवकर जाते.

प्लग काढा, पट्टी उघडा, चोकवरचं लेबल वाचा. एका ट्यूबला ‘१ x ५४’ हवं. नसेल तर जुना चोक घेऊनच पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात जा, वायरिंगची आकृती त्याच्यावरच असते.

आणखी एक, टी-५ सर्वात जास्त उजेड देते ती भोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना. बंद झाकणात उन्हाळ्यात हवा त्याहून तापते आणि उजेड उतरतो, म्हणून मागे फट ठेवा. बोअरचं पाणी असेल तर ट्यूबखालच्या काचेवरचा पांढरा क्षारही उजेड अडवतो, तो व्हिनेगरने पुसा. टँकमध्ये झाडं असतील तर ट्यूब पेटत असली तरी वर्षाने बदला, कारण तिचा उजेड हळूहळू उतरतो.