आगळाची बाटली काढ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

चित्रांचे फोटो मिळाले. हात बसलाय तुझा, लंबवर्तुळं कुठेही हलत नाहीत. पण समई, घंगाळ, जातं यांतलं तुमच्या घरी रोजच्या वापरात काय आहे? घंगाळ तर माळ्यावरून उतरवून, चिंचेनं घासून मांडलेलं दिसतंय. कोकण म्हटलं की लोकांना हीच मांडणी हवी असते, ती विकलीही जाते. तुला मात्र त्यात अडकू द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरलेलं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, तुमच्या स्वयंपाकघरात नक्की असेल. ती बाटली खिडकीत ठेव आणि सकाळच्या उन्हात नीट बघ. मधोमध आगळ जवळजवळ काळं दिसतं. कडेला, जिथे थर पातळ होतो, तिथे एकदम लाल पेटतं. आता सावली बघ. बाटलीतून आलेला उजेड तिच्यात लालसर डाग टाकतो, म्हणजे सावली नुसती करडी नाहीच. तिथे ट्यूबमधला काळा लावलास की चित्र मेलं. शेजारी मोबाइलचा चार्जर पडला असेल तर तो उचलू नकोस. त्याच्या वायरीचं वळण तुला बाटलीपर्यंत आणून सोडेल.

चित्रकार प्रभाकर बरवे आपल्या अलिबागजवळच्या नागावचे, जन्म १९३६चा. घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तू त्यांनी मोकळ्या अवकाशात मांडल्या, आणि त्याही एनॅमल रंगात. तिकडे इटलीत, बोलोन्यात, मोरांदी (१८९०–१९६४) वर्षानुवर्षं त्याच त्या बाटल्या आणि डबे रंगवत राहिला. चकाकी नको म्हणून काही बाटल्यांना त्यानं रंगही फासला होता. तेव्हा नवीन वस्तू शोधत फिरू नकोस. बाटली दोन बोटं सरकव, मधली मोकळी जागा बदलली की चित्र बदलतं.

पावसाळ्यात काम थांबवू नकोस, हे मी कळकळीनं सांगतोय. ढगाळ दिवसाचा उजेड तासन् तास तसाच राहतो, सावली पळत नाही. वस्तुचित्राला याहून चांगला काळ नाही. त्रास कागदाचा. दमट हवेत बुरशी कागदावरची खळ खाते आणि रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत ओढला जातो, ठिपके उठतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेव, लागेल तेवढाच बाहेर काढ. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, घे. पहिला थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा लावू नकोस, मग अख्खी दुपार गेली तरी चालेल.

गणपतीत येशील तेव्हा चित्रंच घेऊन ये, मोबाइलवरचे फोटो नकोत. पातळ थर फोटोत दिसत नाहीत, आणि मला नेमके तेच बघायचेत.

तुझे सर