पुण्यात फ्लॅटमध्ये कुंडीतलं जिवंत ख्रिसमस ट्री जगेल का? कोणतं घ्यावं?

जगेल. वसईला आमच्याकडे सध्या आहे ते दुसरं. पहिल्याची वाट मीच लावली.

तुम्हाला सिनेमातल्यासारखं झाड हवं असेल, तर ते स्प्रूस किंवा फर. त्यांना कडक थंडी लागते, आपल्या एप्रिल-मेमध्ये ती तग धरत नाहीत. आपल्या नर्सऱ्यांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा अरौकेरिया. त्याची एक जात मूळची पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरची, दुसरी तिथल्याच न्यू कॅलेडोनिया बेटांची. लहानपणी दोन्ही जाती इतक्या सारख्या दिसतात की नर्सरीवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकला १७७४ साली ही झाडं दिसली तेव्हा जहाजाच्या डोलकाठ्या आठवल्या, एवढी सरळसोट वाढ! कुणी मोरपंखी गळ्यात मारायला बघेल. तिच्या फांद्या उभ्या, लटकवायचं काही धड लटकत नाही.

घेताना आधी शेंडा बघा. या झाडाचा सगळा डौल त्या एका कोंबावर असतो. पहिल्या वर्षी मी हौसेने शेंड्यालाच मोठी चांदणी बांधली. दुसऱ्या दिवशी शेंडा मोडून लोंबत होता. झाड मेलं नाही, पण वर दोन-तीन वेडेवाकडे धुमारे फुटले आणि त्रिकोणी आकार कायमचा गेला. बाजूची फांदी लावून नवं रोप करायला गेले, तर ते आडवंच वाढत राहिलं. फांदीचं रोप स्वतःला फांदीच समजतं म्हणे! आता चांदणी मागच्या भिंतीला लावते.

खालच्या फांद्याही तपासा. एकदा वाळलेली फांदी तिथे पुन्हा येत नाही. शिवाय दाट दिसावं म्हणून एका कुंडीत तीन-चार रोपं कोंबलेली असतात. एकच खोड असलेलं घ्या.

खरं तर हे बाल्कनीतलं झाड, दिवाणखान्यात फक्त पाहुणं. नाताळात आठ-दहा दिवस आत आणा, तेही खिडकीजवळ, एसी आणि पंख्याच्या झोतापासून लांब. लहान एलईडी माळ चालते. नकली बर्फाचा स्प्रे मारू नका. परत बाहेर नेताना एकदम दुपारच्या उन्हात नको, आठवडाभर सावलीत राहू दे.

पाणी बोट खुपसून ठरवा: वरची माती कोरडी लागली तरच. खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतात. उजेडाकडे कलतं, म्हणून आठवड्याला कुंडी थोडी फिरवा. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर कडुनिंबाचं तेल फवारा. कुंडी दोन-तीन वर्षांनी बदला, शक्यतो पावसाळ्यात, मुळांभोवतीची माती न फोडता.

आणि नोव्हेंबरातच घेऊन ठेवा. डिसेंबरात भाव चढतो, शेंडा बघून निवडायला झाडंही उरत नाहीत.