‘आपुलें मरण’ आणि दुसऱ्याचं मरण

तुमचा प्रश्न असा आहे: आईला जाऊन चार महिने झाले. सुतकात घरी गरुडपुराण वाचलं, त्यात यमयातना आणि नरक ऐकले. बाराव्याला कीर्तनकारांनी सांगितलं की मरण हा सोहळा आहे. इतिहास वाचावा तर तिथे मरण म्हणजे नुसता आकडा. साहित्य, इतिहास आणि धर्म मृत्यूबद्दल इतकं वेगवेगळं का सांगतात, आणि यातलं खरं कोणाचं मानायचं?

मी वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात शेती करतो आणि गेली पस्तीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवतो. आमच्याकडे माळकरी माणूस गेला की मातीला टाळ-मृदंग लागतोच. त्यामुळे घरातली रडारड आणि रस्त्यावरचा अभंग या दोन्हींच्या मधे मी पुष्कळ वेळा उभा राहिलोय. तुमचा प्रश्न मलाही बरीच वर्षं सोडत नव्हता. त्याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, आईकडून मिळालं.

2011 साली माझा धाकटा भाऊ गेला. उसाच्या ट्रॅक्टरचा अपघात. वय चौतीस, पदरात सात वर्षांचं पोर. बाराव्याला कीर्तन ठेवलं होतं. बुवांनी निरूपणाला तुकोबांचा अभंग घेतला, ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य’. आणि म्हणाले, माउली, रडू नका, हा सोहळा आहे. आई बायकांत बसली होती. शाळेत एक दिवसही गेलेली नव्हती, पण शंभरेक अभंग तोंडपाठ. ती उठून उभी राहिली आणि भर मांडवात म्हणाली, “तुकोबांनी सवताच्या मरणाला सोहळा म्हटलंय, महाराज. माझ्या लेकाच्या मरणाला म्हणायला तुमी कोन?” आणि घरात निघून गेली. त्या रात्री माझा हात पखवाजावर पुन्हा चालला नाही.

अभंगातला पहिलाच शब्द ‘आपुलें’ आहे. मी तो हजार वेळा वाजवला होता, ऐकला मात्र त्या दिवशी.

तेव्हापासून मृत्यूबद्दल काहीही वाचलं की मी आधी बघतो, बोलतंय कोण आणि कोणाच्या मरणाबद्दल. तुम्हीही असं वाचून बघा, बराचसा विरोध गळून पडेल. तुकोबांच्या त्या अभंगात देह जायची गोष्टच नाही. पुढे ते म्हणतात की मी अहंकारामुळे एका जागी कोंडलेला होतो, तो सुटला आणि सुकाळ झाला. जन्ममरणाचं सुतक फिटलं. जिवंतपणी ‘मी’ मेला, त्याचा आनंद आहे तो. हेच तुकोबा दुष्काळात गेलेल्या बायकोबद्दल काय लिहितात? ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. तिथे सोहळा नाही, वैकुंठ नाही. ‘मेली’ एवढंच.

ज्ञानोबांच्या समाधीचंही तसंच. 1296 साली आळंदीला ते आपण होऊन समाधीला बसले. बसणारा शांत आहे. पण नामदेवांच्या नावावर असलेले समाधीचे अभंग वाचा, सगळीकडे डोळ्यांत पाणी. त्यात निवृत्तिनाथांच्या दुःखाला दिलेली उपमा मला अजून वाचवत नाही: बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ व्हावं. ज्याने कधी पेंढी बांधलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि शेवटी ‘नामा म्हणे आतां लोपला दिनकर’. भोवतीची ही माणसं म्हणजे संतमंडळीच. ‘आत्मा अमर आहे’ हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तरी ती रडली.

अर्जुनाचं घ्या. आत्मा मरत नाही हे खुद्द श्रीकृष्णाच्या तोंडून त्याने युद्धाच्या पहिल्या दिवशी ऐकलं. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला आणि तोच अर्जुन कोसळला. उद्या सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारलं नाही तर अग्निकाष्ठ भक्षण करीन म्हणाला. महाभारतकारांनी हे लपवलं नाही याचं मला फार मोठेपण वाटतं. गीता ऐकलेल्या बापालाही त्यांनी रडू दिलं.

सज्जनगडावरही हेच दिसतं. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी मृत्यूवर अख्खा समास लिहिला आहे. ‘मृत्य न म्हणे’, ‘मृत्य न म्हणे’ करत राजा, शूर, पंडित, श्रीमंत एकेकाला ओळीने उभं करतात. ते ऐकताना अंगावर काटा येतो, पण तो सगळ्या जगाला दिलेला इशारा आहे, एका घराला नाही. 1682 साली माघ वद्य नवमीला त्यांची अखेर आली तेव्हा शिष्य रडत होते, आणि परंपरा सांगते की समर्थांनी त्यांना ‘माझी काया आणि वाणी गेली म्हणाल अंतःकरणीं, परी मी आहें जगज्जीवनीं’ असा धीर दिला. जाणाऱ्याने धीर द्यावा, राहणाऱ्याने रडावं. आजही दासनवमीला गडावर गेलात तर हे दोन्ही सूर ऐकू येतात.

आमच्या सांगली भागात हे आणखी दोन ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलं. मंडळाची वीणा दुरुस्तीला मिरजेला न्यावी लागते. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीपासून मीरासाहेबांचा दर्गा जवळ आहे, तिथे जाऊन बसतो. तिथला उरूस आपण जत्रेसारखा करतो, पण ‘उर्स’ या अरबी शब्दाचा अर्थ लग्न. वलीचा, म्हणजे मुसलमान संताचा, मृत्यू म्हणजे त्याची देवाशी गाठ, म्हणून पुण्यतिथीला वरात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच दर्ग्यात पुरलेले आहेत. 1937 च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांना बरं वाटेनासं झालं, मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनवर उतरले, आणि फलाटावर बसून दरबारी रागात कलमा गात गेले असं सांगतात. त्यांचा देह मिरजेला आणला. उरुसात अजूनही त्यांच्या नावाने गाणं होतं. पण त्याच मिरजेच्या कबरस्तानात आईला माती देऊन आलेला मुलगा मी बघितलाय. त्याच्या तोंडी लग्नाची भाषा नव्हती, आणि कोणी त्याच्याकडून ती मागितलीही नाही.

दुसरी जागा जैनांची. आमच्या पंचक्रोशीत दिगंबर जैन पुष्कळ. म्हातारं माणूस अन्नपाणी हळूहळू कमी करत सल्लेखना घेतं, त्याला समाधिमरण म्हणतात, मृत्युमहोत्सवही म्हणतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली कुंथलगिरीला 36 दिवसांच्या सल्लेखनेनंतर देह ठेवला. 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आमच्याकडेही खूप चर्चा झाली. मला त्यातली एक गोष्ट शेजारच्या अण्णांनी सांगितली ती कायम लक्षात राहिली. सल्लेखना घेतलेल्याने लवकर मरण यावं अशी इच्छा धरली तर तो दोष, आणि आणखी जगावं अशी इच्छा धरली तर तोही दोष. इतकी कडक वाट स्वतःच चालायची असते. दुसऱ्याने कोणाला त्यावर ढकलायचं नसतं.

ढकललं की काय होतं ते सातारच्या इतिहासात आहे. संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, घाटावर समाध्या आहेत, ताराबाईंचीही आहे. शाहू महाराज 1749 च्या डिसेंबरात साताऱ्यात वारले आणि राणी सकवारबाई सती गेल्या. मराठीत आपण ‘सती गेली’ म्हणतो, जणू पाय तिचे आणि निर्णयही तिचाच. पण गादीच्या राजकारणात त्यांच्यावर दबाव आला, त्यांना त्या टोकाला नेलं गेलं, असं इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. दुसऱ्याच्या मरणाला आपण सोहळा म्हणू लागलो की गोष्ट कुठवर जाते, ते माहुलीच्या घाटावर उभं राहिलं की मला दिसतं.

इतिहासात मरण आकडा होतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पानिपतची बातमी घेऊन आलेला तो निरोप आठवा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. खुर्दा म्हणजे बाकी सगळे, आणि त्यात आपल्याच काठची पोरं असणार. 14 जानेवारी 1761 नंतर ‘संक्रांत कोसळली’ हे घराघरातलं दुःख भाषेत उरलं, नावं मात्र उरली नाहीत.

पण इतिहास फक्त कागदावर नसतो. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत, वेळ काढून बघा. खालच्या चौकटीत झुंज, मधे अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं. गावाला नावाची गरजच नव्हती, सगळ्यांना माहीत होतं कोणाचा पोरगा. सातारजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जवानांसाठी इंग्रजांनी स्मृतिशिला बसवली, तीही मला वीरगळच वाटते. बाहेरच्यासाठी 46 हा आकडा आहे. त्या गावात तो 46 उंबऱ्यांचा हिशेब आहे.

आता तुमच्या गरुडपुराणाकडे येतो, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय असं मला वाटतं. स्पष्ट बोलतो. आई गेलेल्या घरात नरकांची यादी वाचणं मला निर्दयपणाचं वाटतं. तो ग्रंथ विष्णूने गरुडाला सांगितलेला आहे, आणि भीतीचा भाग जिवंत माणसाने नीट वागावं म्हणून आहे. तुमच्या आईचं वर्णन म्हणून तो वाचायचा नाही. पण त्याच परंपरेतली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. दहा दिवसांच्या पिंडांतून गेलेल्या माणसाचा नवा देह अवयवा-अवयवाने घडतो, पहिल्या दिवशी डोकं, असं करत दहाव्या दिवसापर्यंत. आईने आपल्याला पोटात दहा महिने घडवलं, आपण तिला दहा दिवस घडवायचं, असा मी त्याचा अर्थ लावतो. बाराव्याला सपिंडी झाली की ती पितरांत जाऊन बसते. हे शब्दशः खरं मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पाहिलंय ते एवढंच: ज्या माणसाचे हात रिकामे पडलेत त्याला त्या दहा दिवसांत करायला काहीतरी मिळतं. घाटावर कावळ्याची वाट बघत ताटकळलेला मुलगा मनातल्या मनात आईशी बोलत असतो, ‘तुझं काय राहिलं ते सांग’ म्हणत. असं बोलायची मुभा दुसरीकडे कुठे मिळते?

म्हणून ‘खरं कोणाचं’ याला माझं उत्तर असं: तुकोबांचं तुकोबांपुरतं खरं, निवृत्तिनाथांचं त्यांच्यापुरतं खरं. तुम्ही सध्या निवृत्तिनाथांच्या जागी आहात. पेंढी सुटली आहे. सोहळा वाटत नाही म्हणून आपली श्रद्धा कमी पडली असं कृपा करून समजू नका.

भाऊ गेल्यावर ‘आपुलें मरण’ हा अभंग मी कुठल्याच मातीला वाजवला नाही. मंडळालाही ते कळलं होतं, कोणी धरायचं नाही. 2022 साली आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, “माझ्या मातीला मातूर ‘आपुलें मरण’च म्हना. आन पखवाज तूच वाजीव, दुसऱ्याला देऊ नगंस. हे माझं मी सांगतीया.”

थोरला म्हणून मडकं मी धरायचं होतं. मी धरलं नाही. भावाचं पोरगं तोवर अठरा वर्षांचं झालं होतं, ते मडकं घेऊन पुढे चाललं. मी मागे गळ्यात पखवाज घेऊन, वेशीपासून नदीपर्यंत तोच एक अभंग.