आधी लेवीय, मग इब्री

प्रिय पोरी,

सलाम.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला म्हणे, मी सकाळी चहाबरोबर वाचला. रूममेटने विचारलं की तुमच्या बायबलमध्ये पण बकरे कापतात, मग आमच्या जत्रेतल्या बोकडाला का नाकं मुरडता, आणि तुला काही बोलता आलं नाही. मग तू यूट्यूबवर गेलीस, तिथे त्या भाऊंचा चार्ट बघितलास, एका बाजूला पाच अर्पणं, दुसऱ्या बाजूला पाचही ठिकाणी 'येशू', आणि आणखीच गोंधळलीस. आणि सगळ्यात शेवटची ओळ, जी तू बहुतेक टाइप करून दोनदा पुसली असशील, की रक्त बघितल्याशिवाय देवाला माफ करता येत नव्हतं का, आणि तसं असेल तर हा देव मला आवडत नाही, सॉरी बाई.

सॉरी कशाला? हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने लेवीय, म्हणजे बायबलमधलं अर्पणांच्या नियमांचं पुस्तक, वाचलेलंच नाही असं मी समजते. पण तू तरी वाचलंस का? खरं सांग. चार्ट बघितलास, नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा नववा-दहावा अध्याय तुला संडे स्कूलपासून पाठ आहे, पण लेवीयचे पहिले सात अध्याय सलग, मध्ये मोबाइल न बघता? नाही ना. तिथेच गोची आहे. आधी लेवीय, मग इब्री. आमच्या लोकांना उत्तराची एवढी घाई असते की प्रश्न काय होता ते कोणी बघतच नाही. कोकरू दिसलं की येशूचा वधस्तंभ, रक्त दिसलं की वधस्तंभ, पुढे चला, आमेन. वधस्तंभापर्यंत जायचंच आहे, मी कुठे नाही म्हणते, पण वेदीपाशी थोडं थांबून जा.

आता बघ काय दिसतं. पहिला अध्याय, होमार्पण. माणूस स्वतःचा बैल नाहीतर मेंढा घेऊन येतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि कापतो कोण? याजक, म्हणजे पुरोहित, नाही, तो स्वतः. याजक रक्त घेऊन वेदीवर टाकतो आणि तुकडे रचतो. सगळं जळतं, कातडं तेवढं याजकाला. बैल परवडत नसेल तर बकरं, तेही नसेल तर पारवा चालतो. हे पारव्याचं लक्षात ठेव, कारण लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरिया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन जातात तेव्हा पक्ष्यांचीच जोडी देतात, आणि लेवीयचा बारावा अध्याय वाचलेला असला की कळतं की ही गरिबाची सवलत आहे, त्यांना कोकरू झेपलं नव्हतं. ख्रिस्तजन्माच्या नाटकात इतकी वर्षं आपण मरियेला रेशमी निळी साडी नेसवतोय.

दुसरा अध्याय, अन्नार्पण. इथे रक्ताचा थेंब नाही. सपीठ, तेल, ऊद. खमीर नको, मध नको, मीठ मात्र पाहिजेच. त्या चार्टवाल्या भाऊंनी इथे काय केलं, पीठ म्हणजे येशूचं निष्कलंक जीवन आणि तेल म्हणजे पवित्र आत्मा, असं ना? असेल बाई. पण इस्राएलातल्या एखाद्या बाईने घरचं पीठ चाळून नेलं तेव्हा ती काय करत होती हे आधी विचार ना. ती शेतातलं देवाचं त्याला परत देत होती. सुगीच्या सणाला आपल्या बायका देवळात ज्वारीची कणसं आणि भोपळे आणतात तेव्हा त्यांना कोण विचारतं की भोपळा कशाचं प्रतीक आहे?

आणि आपल्याच कोकणात, अलिबागकडे, बेने इस्राएल लोक राहत आले, बरेचसे आता इस्राएलला गेले, मराठी बोलणारे ज्यू. त्यांचा मलिदा असतो, पोहे, खोबरं, साखर, फळं, एलियाहू संदेष्ट्याची आठवण आणि देवाचे आभार. इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं, त्यानंतर ज्यू लोकांचं पशुबलीचं अर्पण थांबलं ते थांबलंच, पण आभार मानायची गरज काही मंदिराबरोबर पडली नाही. मला त्या ताटात अन्नार्पणाची आठवण दिसते. तुला दिसायलाच पाहिजे असं नाही.

तिसरं शांत्यर्पण, माझं सगळ्यात आवडतं, आणि याच्यावर प्रवचन मी जवळपास ऐकलेलंच नाही. चरबी देवाची, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, बाकीचं मटण ज्याने आणलं त्याच्या घरच्यांनी आणि पाहुण्यांनी खायचं. म्हणजे ही पंगत आहे! आणि उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही (सातवा अध्याय). अख्खा पशू एका दिवसात संपवायचा म्हणजे शेजारीपाजारी बोलवावेच लागणार, एकट्याने ताव मारायची सोयच नाही. आता प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, आपली तोंडं कशी असतात ते आठव, जसे सगळे दहाव्याला आलेत. रूममेटला तू हेच सांगू शकली असतीस, की हो, आमच्याकडे पण बकरं कापून, देवाचं देऊन, सगळ्यांनी मिळून खायची पद्धत शास्त्रात आहे, तुमच्या जत्रेच्या पंगतीपेक्षा फार वेगळी दिसली नसती. फरक आहेत, मोठे आहेत, पण ते नाक मुरडून दिसत नाहीत.

आता पाप. लोकांना वाटतं सगळंच पापासाठी होतं. पाचापैकी तीन झाली, पाप अजून नीटसं आलेलंही नाही! (पहिल्यात प्रायश्चित्ताचा उल्लेख आहे, माहितीये मला, लगेच टोकू नकोस.) चौथ्या अध्यायात पापार्पण येतं आणि तिथे पुन्हा पुन्हा एकच अट, चुकून, नकळत झालेलं पाप. मुद्दाम, हात वर करून केलेल्या पापाला काय? मोशेच्याच गणना या पुस्तकाचा १५वा अध्याय वाच, त्याला अर्पणच नाही. म्हणून तर ५१व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी दिला असता. बथशेबेला आपलंसं करून तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवल्यानंतर त्याच्याकडे न्यायला कुठलं बकरंच नव्हतं, भग्न हृदय तेवढं होतं. हे माहीत नसेल तर ते स्तोत्र नुसतं सुंदर वाटतं, माहीत असेल तर अंगावर येतं.

आणि पाचव्या अध्यायात, अकरावं वचन, अगदीच गरीब असेल, पारव्यांचीही ऐपत नसेल, तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर. तेल नाही, ऊद नाही. आणि याजकाने त्यातलं मूठभर वेदीवर जाळलं की त्याच्या पापाची क्षमा होते. पिठाने! इब्री ९:२२ मध्ये रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही हे तुला पाठ आहे, पण त्याच वचनात आधी 'बहुतेक सर्व' रक्ताने शुद्ध होतं असं म्हटलंय, ते आपण भरकन म्हणून टाकतो. ज्याने ते पत्र लिहिलं त्याला लेवीयमधलं पीठ माहीत असणार. आपल्याला नसतं. म्हणून म्हणते, आधी लेवीय, मग इब्री.

दोषार्पणावर मी जरा जास्त बोलणार आहे, मला माफ कर, इथे माझं स्वतःचं दुखणं आहे. सहाव्या अध्यायाची सुरुवात वाच. कोणी ठेव बुडवली, कोणाला लुबाडलं, सापडलेली वस्तू नाही म्हणून सांगितली. त्याने काय करायचं? मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, ज्याची त्याला परत. आणि मेंढा देवाला. म्हणजे मेंढ्याने माणसाचे पैसे फिटत नाहीत. येशूने मत्तय ५ मध्ये तेच सांगितलं, वेदीपाशी आठवण झाली की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. लोकांना वाटतं ही नवीन शिकवण, ही तर मोशेच्या नियमशास्त्राची साधी री ओढलीय.

तर एका सुगीच्या सणाला, कुठल्या मंडळीत ते राहू दे, लिलावात एका गृहस्थाने एका कोंबड्यावर अशी बोली लावली की टाळ्या थांबेनात. त्याच्या शेतावर निंदायला जाणाऱ्या बाईची मजुरी तेव्हा थकलेली होती, ती मागच्या बाकावर बसली होती, टाळ्या तीही वाजवत होती. पुढच्या आठवड्यात माझा तरुणांचा क्लास होता आणि आम्ही नेमके लेवीय सहावर पोचलो होतो. मी नाव घेतलं नाही. पण गाव केवढंसं! आधीच मुलं कमी व्हायला लागली होती, लेवीय कोणाला आवडतं, आणि त्यानंतर कमिटीने सांगितलं की बाई, तरुणांसाठी काहीतरी प्रॅक्टिकल घ्या. थकलेली मजुरी देणं यापेक्षा प्रॅक्टिकल काय असतं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. मी म्हटलं लेवीय संपल्याशिवाय दुसरं काही घेणार नाही. क्लास बंद झाला. लोक म्हणतात बाई हट्टी, थोडं नमतं घेतलं असतं तर चालला असता. चालला असता, काय शिकवत चालला असता ते वेगळं. खंत एकच, की तू तेव्हा शाळेत होतीस आणि तुला त्या क्लासला बसता आलं नाही, नाहीतर आज त्या भाऊंचा चार्ट बघायची वेळ आली नसती.

बरं. तुझा खरा प्रश्न.

देवाला रक्त हवं होतं का? ५०व्या स्तोत्रात देव जवळजवळ वैतागून विचारतो की मला भूक लागली तर मी तुला सांगेन का, मी काय बैलांचं मांस खातो? यशया १, आमोस ५, मीखा ६, संदेष्ट्यांकडे सगळीकडे तेच, तुमच्या होमांचा मला वीट आलाय, न्याय करा. होशेयाचं 'मला यज्ञ नको, दया पाहिजे' येशूने मत्तयमध्ये दोनदा वापरलंय. मग रक्त कशाला? लेवीय १७:११ हळू वाच. देहाचा जीव रक्तात आहे, आणि तुमच्या जिवांसाठी प्रायश्चित्त म्हणून वेदीवर ते *मी तुम्हाला दिलंय*. कोण कोणाला देतंय बघितलंस? आपल्याला वाटतं माणूस देवाला रक्त देतोय आणि तो शांत होतोय. मजकूर उलटं सांगतो, जीव त्याचा, रक्त खायची माणसाला बंदी, आणि तेच रक्त तो स्वतःहून माणसाच्या कामासाठी देतोय.

काम कसलं, तर १६वा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस. दोन बकरे. एकाचं रक्त परमपवित्रस्थानात, म्हणजे देवाच्या निवासमंडपाच्या सगळ्यात आतल्या खोलीत, शिंपडायचं, लोकांच्या अशुद्धतेमुळे ती जागा बिघडलीय ती शुद्ध करायला, म्हणजे देवाला त्यांच्यामध्ये राहता यावं. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून सगळी पापं कबूल करतो, आणि त्या बकऱ्याला तिथे कोणी मारत नाही, तो जिवंत रानात सोडला जातो, अजाजेलाकडे (हा कोण की काय, यावर अजून एकमत नाही). पापं ज्याच्यावर ठेवली तो कापला जात नाही, आणि जो कापला जातो त्याच्यावर पापं ठेवलेली नाहीत. आता तू म्हणतेस तसं, संतापलेल्या देवाने कोणाला तरी मारून राग शांत केला, हे चित्र या अध्यायात कुठे आहे ते मला दाखव. मी शोधलंय. यशया ५३ मध्ये आपल्या अपराधांसाठी घायाळ झालेला सेवक आहे, आणि दहाव्या वचनात त्याचा जीव दोषार्पण होतो, तो धागा मी तोडत नाही, पाळकसाहेबांना जाऊन सांगू नकोस की बाई वधस्तंभ नाकारतात. पण ते दोषार्पण आहे, बुडवलेलं भरून देणारं. आणि वेदीवरचा जीव देव देतो हे एकदा लेवीयमध्ये दिसलं की इब्री दहावा अध्याय वेगळा वाचला जातो. बैलाबकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होणं अशक्य, असं तिथे आहे, बरोबर, आणि मग पुत्र म्हणतो, पाहा, मी तुझ्या इच्छेप्रमाणे करायला आलोय. तिथे देव घेणाऱ्याच्या बाजूला उभा नाही गं, तो देणाऱ्याच्या बाजूलाच आहे, आधीपासून होता.

हे सगळं पटलंच पाहिजे असं नाही. मोठमोठे विद्वान यावर भांडतात, भांडू देत. मला फक्त एवढं पाहिजे की तू भांडशील ते वाचून भांडशील. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्खं शास्त्र मराठीत आणत बसल्या, १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत ते काम चालू होतं, आणि त्यांनी लेवीय कंटाळवाणं म्हणून सोडलं नाही, चरबीची आंतड्यांवरची पदरंसुद्धा भाषांतर केली. आपल्याला नुसती वाचायला जड जातात.

एक गोष्ट मात्र मलाही अजून सुटलेली नाही, तुझ्यावर टाकते. प्रेषितांची कृत्ये, २१वा अध्याय. येशू मरून उठून वर गेला त्याला वर्षं झाली, प्रेषित पौलाची काही पत्रं लिहून झालीत, आणि तोच पौल यरुशलेमच्या मंदिरात जातो, नवस फेडणाऱ्या चार माणसांचा खर्च करतो, प्रत्येकासाठी अर्पण व्हायची वाट बघतो. डोकं मुंडायचं म्हणजे बहुधा नाजीराचा, म्हणजे ठरावीक काळ स्वतःला देवाला वाहून घ्यायचा, नवस, आणि गणना ६ प्रमाणे त्याच्या शेवटी जी अर्पणं लागतात त्यात पापार्पणाची मेंढी आहे. पौलाने पापार्पणाचे पैसे दिले! वधस्तंभानंतर! त्या भाऊंच्या चार्टमध्ये याला कुठे रकाना आहे का बघ. आणि तो वादात अडकू नये म्हणून असं वागला असं सोपं उत्तर आणू नकोस, ते मला माहीत आहे आणि ते पुरत नाही.

तर लेवीय १ ते ७, मग १६ आणि १७, मग कृत्ये २१. इब्री नको, इब्रीला हात लावायचा नाही अजून. वहीत प्रश्न लिही, उत्तरं नकोत. रूममेटला यायचं असेल तर तिलाही आण, जत्रेच्या पंगतीत कोणाचा वाटा कसा ठरतो ते मला तिच्याकडून नीट समजून घ्यायचंय. शनिवारी दुपारी ये, आणि येण्याआधी फोन कर, कारण महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पेन्शनच्या कामाला बँकेत असते आणि तिथली लाइन कधी सरकेल ते सांगता येत नाही.

तुझी,
बाई